माउलीच्या घरी जाण्यास भाडे कशाला?

(भीमेकाठच्या एका खेड्यात, एका वृद्ध वारकऱ्याच्या दशक्रियेच्या दिवशी घाटावर जमलेल्या मंडळींपुढे तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण.)

ज्यांच्यासाठी आपण आज ह्या घाटावर जमलो आहोत ते बाबा शेतकरी होते, माळकरी होते, आणि आपल्या गावच्या दिंडीतला वीणा कित्येक वर्षे त्यांच्याच गळ्यात होता. दशक्रियेच्या दिवशी बाहेरगावचे महाराज आणून प्रवचन करविण्याची आपल्या मुलखात रीत पडली आहे. ती बाजूस ठेवून ह्या घरच्या माणसांनी मजसारख्या शाळामास्तरास उभे केले. मी महाराज नव्हे. मुलांस बेरीज-वजाबाकी शिकविणे हा माझा धंदा. आज मी दुसरे काही सांगणार नाही. तुमच्याच बोलण्याची बेरीज-वजाबाकी तुमच्यापुढे मांडणार आहे. ती चुकली तर येथेच कान धरा.

आपण मरणाविषयी कसे बोलतो ते आधी पाहू. ह्या दहा दिवसांत ह्या दारी शेकडो माणसे आली, पण 'बाबा मेले' असे एकाच्याही तोंडून निघाले नाही. कोणी म्हणाले, बाबांनी देह ठेवला. कोणी म्हणाले, बाबा वैकुंठवासी झाले. कोणी म्हणाले, माउलीने नेले. एक म्हातारी तर डोळ्यांस पदर लावून म्हणाली, 'बाबा वारीला गेले, आता परतवारी नाही.' आपण त्यांच्या कपाळी बुक्का लावला, मुखी तुळशीचे पान ठेविले, गळ्यातील माळ काढली नाही, आणि आषाढीस दिंडी निघावी तसे टाळमृदंगाच्या गजरात त्यांस येथे आणिले. ज्यास रडू येत होते त्याने अभंगात सूर मिसळला आणि त्याचे रडणे हलके झाले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून ह्या बोलीस मी हसत नाही. दुःखाने वाकलेल्या माणसास ही बोली हात देऊन उठविते.

ही बोली आपणांस कोणी पोथीवाल्याने शिकविली नाही. ती आपल्याच धंद्यांतून निघाली आहे. तेरच्या गोरोबांनी चाकावरून आणि आव्यातून ती काढली. कुंभारास ठाऊक असते की मडके मातीचेच, आणि फुटले तरी माती मातीसच मिळते. अरणच्या सावतोबांनी ती मळ्यातून काढली. देव मोटेच्या पाण्यात आणि भाजीच्या वाफ्यात आहे असे ज्यास दिसले, त्यास देवाकडे जाण्यासाठी मळा सोडावा लागला नाही. साऱ्या महाराष्ट्राच्या पालख्या पंढरीस जातात आणि पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांच्या भेटीस अरणास जाते, ही चाल आजही चालू आहे. जनाबाईने ती बोली जात्यावर काढली. देव दळू लागतो असे जी म्हणाली, तिला देवाच्या दरबारी अर्ज लिहून द्यावा लागला नाही.

ह्या बोलीतला देव पाहा कसा आहे. तो हाकीम नव्हे, सावकार नव्हे, तालुक्याचा साहेबही नव्हे. तो आई आहे. विठोबास आपण विठाई म्हणतो. ज्ञानोबांस माउली म्हणतो. आणि वारीच्या वाटेवर ज्याचे नावगाव ठाऊक नाही अशा शेजारच्या चालणाऱ्यासही 'माउली, जरा सरका' असेच म्हणतो. देव, संत आणि वाटेवरचा साधा माणूस ह्या तिघांस एकच शब्द! आणि पंढरी हे माहेर. सासुरवास भोगलेल्या लेकीस माहेर म्हणजे काय ते येथे बसलेल्या बायांस सांगावयास नको. तेव्हा वारकऱ्याच्या बोलीत मरण म्हणजे शिक्षा नव्हे, चौकशी नव्हे. लेकराने दिवसभराचे काम आटोपून आईकडे जाणे एवढेच.

ह्या बोलीत किती बळ आहे ते गाडगेबाबांनी दाखविले. परीट जातीत १८७६ साली जन्मलेला हा माणूस हाती खराटा घेऊन गावोगाव फिरला. १९२३ साली त्यांचा तरणा मुलगा गोविंद वारल्याची वार्ता त्यांस कीर्तन चालू असतानाच कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. एवढे लोक जात असता आपण एकट्याचेच रडे किती काढावे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी पुढचे पद धरले. पण त्याच गाडगेबाबांनी जन्मभर काय सांगितले? कर्ज काढून सण-समारंभ करू नका, देवापुढे कोंबडे-बकरे मारू नका, वेळ पडली तर घरातले ताट विका पण मुलास शाळेत घाला. मरणाविषयीची अशी शांत भाषा आणि कर्जाविषयीची अशी कडक भाषा त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. आपल्या ठायी ती नांदत नाही. माझे गाऱ्हाणे तेवढेच आहे.

मंडळी, मरणाच्या घरी आपण एक नव्हे, दोन बोली बोलतो. सकाळी टाळ हाती घेऊन म्हणतो, माउलीने नेले. दुपारी पाटावर बसून ऐकतो की प्रेतास वर्षभराची वाट चालावयाची आहे, मध्ये रक्तापुवाची वैतरणी आडवी आहे, ती गाईच्या शेपटीवाचून उतरता येत नाही, सबब गोदान करा. गाय नसेल तर गाईचे मोल द्या. पुढे छत्री द्या, जोडा द्या, अंथरूण-पांघरूण द्या. पहिल्या पिंडाने मस्तक होते, पुढल्या पिंडांनी एकेक अवयव होतो, आणि दहा दिवसांनी प्रेताचा देह पुरा होतो, असे गरुडपुराणातले शास्त्र आपणांस ऐकविले जाते. मग पिंड मांडून सारा गाव आभाळाकडे पाहत बसतो. कावळा शिवला नाही की घरच्यांच्या काळजात चर्र होते. बापाची कोणती इच्छा राहिली असेल म्हणून मुलगा आणखी काही कबूल करितो. कावळ्यास भूक असली आणि माणसे दूर झाली की तो शिवतो. एवढे तर रानात राखण करणाऱ्या माझ्या चौथीतल्या पोरांसही ठाऊक आहे.

आता मास्तराची बेरीज ऐका. बाबांस पहिल्याच दिवशी माउलीने नेले असेल, तर आज दहाव्या दिवशी ते कोठे आहेत? माउलीच्या मांडीवर, की वैतरणीच्या काठी जोड्याची वाट पाहत? दोन्ही ठिकाणी एकच माणूस असू शकत नाही. पहिली गोष्ट खरी मानिली तर दुसरीचा खर्च फुकट. दुसरी खरी मानिली तर सकाळचे भजन खोटे. माळ घालणाराने ह्यांपैकी एकीची निवड केली पाहिजे. ज्या देवास आपण आई म्हणतो, तिच्या उंबऱ्यावर जकातनाका बसविणे हा त्या आईचाच अपमान नव्हे काय?

हा हिशेब मी पुस्तकात वाचून मांडीत नाही. मी स्वतः चुकलो आहे. माझे वडीलही माळकरीच होते. ते गेले तेव्हा मी नोकरीत होतो आणि गावात चार माणसे मला गुरुजी म्हणत. मास्तराच्या बापाचे तेरावे साजेसे झाले पाहिजे, अशी भूल मला पडली. कर्ज काढून पाच गावांस जेवण घातले, दाने दिली, बाहेरून महाराज आणून त्यांची बिदागी भागविली. ते कर्ज फेडण्यास मला तीन वर्षे लागली. आईच्या दोन दुभत्या शेळ्या गेल्या, हातातली पाटली गेली. धाकटी बहीण सातवीत होती. तिची शाळा त्याच वर्षी सुटली ती सुटलीच. दुसऱ्यांच्या मुलांस शाळेत या म्हणून घरोघर हिंडणाऱ्या मास्तराच्या घरात हे झाले. आज ती दुसऱ्याच्या रानात खुरपावयास जाते. एकदा चुलीपुढे बसून आई मला म्हणाली, 'अरे, तुझ्या बापाला माउलीनं नेलं म्हणून तूच सांगत होतास ना? मग हे भाडं आपण कुणाला भरलं?' ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आजचे माझे भाषण म्हणजे त्या अडाणी बाईच्या एका प्रश्नाचा विस्तार आहे.

कोणी म्हणेल, हा मास्तर सत्यशोधकी बोलतो. होय, बोलतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज काढिला तेव्हा त्याचे मुख्य सांगणे काय होते? ईश्वर एक आहे आणि सर्व माणसे त्याची लेकरे आहेत. लेकरास आईला भेटावयाचे असेल तर मध्ये दलाल लागत नाही, तसा देवास भेटण्यासही लागत नाही. जोतीराव माळकरी नव्हते, आणि साधुसंतांपैकी काहींवर त्यांनी कडक टीका केली आहे, हे मी लपवीत नाही. ते देवास निर्मिक म्हणत. पण आई आणि लेकरू ह्यांच्यामध्ये तिसरा नको, ही गोष्ट वारकऱ्याची बोली गळ्याने गाते आणि सत्यशोधक तीच रोकठोक सांगतो. जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरात वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी हाती धरिले. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्यामागे १८९१ साली छापून निघाले, त्यातही जन्मापासून मरणापर्यंतचे विधी भिक्षुकावाचून कसे करावे ह्याचा विचार आहे. खुद्द पंढरीच्या देवळात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क होते, तेही १९७३ च्या कायद्याने काढले आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो वाद मिटला. देवाच्या दारातले पिढीजात हक्क गेले. आपल्या ओट्यावरचे मात्र आपण कर्ज काढून सांभाळीत आहोत!

येथे मी नुसत्या भिक्षुकाकडे बोट दाखवून मोकळा होणार नाही. आता आपल्याच जातीपातींतले काही कीर्तनकार दशक्रियेच्या प्रवचनाचा आकडा आधी ठरवितात, गाडीचे भाडे निराळे मागतात. कीर्तन विकणारा आणि ते विकत घेणारा असे दोघेही दोषी, हे तुकोबांनी बजावून ठेविले आहे. पाट बदलला, पाटावरचा माणूस बदलला, पण हात पुढे करण्याची रीत तीच राहिली, तर आपण काय सुधारलो?

आता दुसरी गोष्ट, आणि ती पहिलीहून अवघड आहे. वैकुंठाची ही गोड बोली सांत्वनासाठी आहे, झाकणासाठी नव्हे. चोखोबांचे उदाहरण घ्या. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तीखाली मजुरांबरोबर चोखोबाही गेले. ते साल १३३८ म्हणून सांगतात. पुढची कथा आपण सारे गहिवरून ऐकतो. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखिल्या, आणि पंढरीस आणून महाद्वारापुढे त्यांस समाधी दिली. कथा गोड आहे. पण कीर्तनात कधी कोणी विचारिले काय, की ती भिंत कोणासाठी बांधली जात होती, आणि ज्याच्या हाडांत विठ्ठल होता त्यास जिवंतपणी विठ्ठलाच्या देवळात पाऊल का टाकू दिले नाही? मेल्यावर जागा मिळाली ती दाराबाहेर. त्या दारातून चोखोबांच्या जातभाईंनी आत जावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. म्हणजे भिंत पडल्यापासून सहाशे वर्षे आपण हाडांचे भजन ऐकत राहिलो आणि दाराचा प्रश्न विचारला नाही.

तीच चूक आपण आजही करितो. कर्जापायी एखादा शेतकरी औषध पितो आणि आपण म्हणतो, देवाला आवडला. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात न पोहोचता जाते आणि आपण म्हणतो, तिचे आयुष्यच तेवढे. विहीर खणताना सुरुंगाने मजूर जातो आणि आपण म्हणतो, त्याची वेळ भरली. असे म्हटले की घरच्यांचे मन शांत होत असेल. पण त्याबरोबर सावकाराचेही मन शांत होते, ठेकेदाराचेही होते आणि गाडी वेळेवर न पाठविणाऱ्याचेही होते. आईकडे गेलेल्या लेकराविषयी आई पहिला प्रश्न हाच विचारील, की बाळा, तुला कोणी लोटले? तो प्रश्न आपण विचारावयाचा नाही काय? भजन जरूर करा. पण भजन झाल्यावर कारणही शोधा. सत्य शोधणे म्हणजे भक्ती सोडणे नव्हे.

तिसरी गोष्ट बायांची. बाबांच्या गळ्यातली तुळशीची माळ आपण मरणानंतरही काढली नाही. मग त्यांच्या मागे राहिलेल्या आजींच्या कपाळाचे कुंकू आणि हातांतल्या बांगड्या काढण्याची घाई कशासाठी? पतीस माउलीने नेले म्हणावयाचे आणि पत्नीस अपशकुनी ठरवावयाचे, ही कोणती बोली? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या चाली बंद केल्या, आणि सरकारने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे कळविले. हेरवाडही आपल्यासारखेच खेडे आहे. त्यांस जमले ते आपणांस का जमू नये?

आता ह्या घरची गोष्ट. थोरल्याची परवानगी घेऊनच बोलतो. तो माझाच विद्यार्थी. परवा रात्री तो मजकडे एक कागद घेऊन आला. विहिरीवरचा तुकडा गहाण टाकून तेराव्यासाठी रक्कम उचलावयाची, त्याचा अर्ज भरून द्या म्हणाला. गावात असले कागद मीच लिहितो हे तुम्हांस ठाऊक आहे. मी लेखणी उचलली आणि खाली ठेविली. मी त्यास म्हटले, दहाव्यापर्यंत थांब. मला चार माणसांपुढे बोलू दे, मग तू सांगशील तसे लिहीन. तो कागद माझ्या खिशात आहे. अजून कोरा आहे.

मंडळी, हा मुलगा बापावर प्रेम नाही म्हणून घाबरत नाही. तो तुम्हांस घाबरतो. जेवण घातले नाही तर तुम्ही काय म्हणाल, पंगतीत कोण नाव ठेवील, उद्या बहिणीस कोण बोल लावील, ह्याचे त्यास भय आहे. म्हणून माझी विनंती त्यास नाही, तुम्हांस आहे. तेराव्यास लांबून येणाऱ्या पाहुण्यांपुरती पिठले-भाकरी होईल; गावकऱ्यांनी आपापल्या घरी जेवून भजनास यावे. गावच्याच भजनी मंडळाने फुकट भजन करावे. त्याच टाळांवर बाबांनी उभा जन्म काढला. आजींचे कुंकू कोणी पुसू नये. आणि बाबांच्या नावे काही करावयाचेच असेल तर त्यांच्या नातीची दहावीची फी आणि वह्यापुस्तके ह्या वर्षी सर्वांनी मिळून भागवावी. एवढे केले तर बाबांच्या वीण्याचा मान राहील.

शेवटी एक आठवण देतो. १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळात देहूच्या तुकोबांच्या घरात अन्नान्नदशा होऊन त्यांची बायको आणि मूल गेले. मरण त्यांनी पोथीत नव्हे, घरात पाहिले. परंपरा सांगते, की त्यानंतर त्यांनी सावकारीची खतपत्रे काढिली, भावाचा वाटा भावास दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. मरणाला त्यांनी दिलेले उत्तर ते असे: लोकांच्या मानेवरचे कर्ज सोडविले. ती इंद्रायणी तुळापूरपाशी ह्याच भीमेस मिळते, आणि ही भीमा पुढे पंढरीस जाऊन चंद्रभागा होते. ज्या पाण्याने तुकोबांची खते गिळिली, त्याच पाण्याच्या काठी उभे राहून आपण बापाच्या नावाने नवी खते लिहावी काय?

थोरल्या, हा घे तुझा कागद. मी तो भरलेला नाही. भरावा की नाही ते तू ठरव. आणि ठरविण्यापूर्वी ह्या मंडळींच्या तोंडाकडे एकदा पाहा. मंडळी, त्यास काय उत्तर द्यावयाचे ते तुमच्या हाती आहे.

बोला, रामकृष्णहरी!